सेनेका लेकची ड्राय रीसलिंग: सात महिने, एक पेटी आणि तो रॉकेलचा वास

न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका तळ्याकाठच्या वायनरीतून रीसलिंग द्राक्षाच्या ड्राय, म्हणजे गोड नसलेल्या, पांढऱ्या वाइनची पेटी आणली होती. चौथी बाटली उघडली आणि ग्लासातून चक्क रॉकेलचा वास आला. लहानपणी स्टोव्ह पेटवताना यायचा ना, तोच. स्क्रूकॅप असल्यामुळे बुचाला दोष देता येईना. वायनरीला फोन केला तर "हे नॉर्मल आहे", कारण विचारलं तर म्हणे मेल करा, आणि मेलला उत्तर तीन आठवड्यांनी! बारा बाटल्यांचे पावणेतीनशे डॉलर मोजलेत, न्यूजर्सीहून पाच तास गाडी चालवून आणल्यात, दोन वाक्यं सांगायला काय जातं?

शेवटी स्वतःच वाचलं. हा वास टीडीएन नावाच्या द्रव्याचा, ते द्राक्षातल्या कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यापासून तयार होतं, घडावर ऊन जास्त पडलं की जास्त आणि बाटली मुरत जाते तसं वाढतं, रीसलिंगमध्ये तर खासच. माझी पेटी अर्धी 2022 ची, अर्धी 2017 ची, जुनी डिस्काउंटमध्ये होती म्हणून घेतली. पहिल्या तीन नव्या होत्या, त्यात नुसतं लिंबू आणि हिरवं सफरचंद. ही चौथी 2017 ची. म्हणजे वायनरीचं बरोबर होतं, पण फोनवरच्या वागण्याबद्दल माझं मत तेच आहे.

आता खरं सांगतो, तोच वास मला आवडायला लागलाय. फ्रिजमधून काढून लगेच ओतली की काहीच कळत नाही, आंबटपणा तेवढा दाताला लागतो. वीस मिनिटं बाहेर ठेवा, मग रॉकेलच्या मागून मध येतो, लिंबाची साल येते. कोथिंबीर वडीबरोबर छान, कोळंबीच्या तिखट सुक्याबरोबर तर त्याहून छान, कारण अल्कोहोल 12 टक्के, तोंडाची आग वाढत नाही.

मागच्या लेबलवरची ड्राय ते स्वीटची पट्टी मात्र बघूनच घ्या. ती नुसती साखर मोजत नाही, साखर आणि आम्लाचं प्रमाण बघते, त्यामुळे लिटरला सात ग्रॅम साखर असूनही आम्ल भरपूर असेल तर ड्रायच.

आणि हा आंबटपणा येतो तिथल्या थंडीतून. एवढ्या थंडीत रीसलिंगसारख्या युरोपातल्या जातीच्या वेली तग धरतात त्या तळ्यामुळे, सेनेका 188 मीटर खोल, सहसा गोठत नाही, हिवाळ्यात काठाला ऊब देतं. पण तिथे या वेली जगणारच नाहीत असं बहुतेक जण धरून चालले होते, तेव्हा शेजारच्या क्युका लेकवर डॉ. कॉन्स्टँटिन फ्रँक या द्राक्षतज्ज्ञांनी त्या काटक खुंटांवर कलम करून जगवून दाखवल्या आणि 1962 मध्ये स्वतःची वायनरी काढली. त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

2017 च्या दोन उरल्यात. बेसमेंटमध्ये ठेवल्यात, चांगली सुरमई मिळेल त्या दिवशीच काढणार.