जुन्या झुमोचा नकाशा अपडेट करताना १२,८४८ रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

आधी आकडे. १,४९९ रुपये ‘डिव्हाइस तपासणी’चे, ४,९९९ ‘आजीवन नकाशा परवान्या’चे, ६,३५० ‘सर्व्हर अनलॉक’चे. पाऊण तासात १२,८४८ रुपये गेले, आणि ज्या कामासाठी गेले त्याला एक पैसा लागत नव्हता.

यंत्र गार्मिन कंपनीचं झुमो ६६०, मोटरसायकलवर लावायचं, जीपीएसवर रस्ता दाखवणारं. फोन असताना हे जुनं डबडं कशाला, असं विचारणाऱ्यांनी जुलैच्या पावसात ओल्या हातमोज्यांनी फोनची स्क्रीन सरकवून बघावी. शिवाय मोटरसायकलच्या इंजिनाच्या कंपनांनी आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, हे ॲपलनेच २०२१ मध्ये सांगितलं आहे. यंत्र धडधाकट आहे, जुना झालाय तो नकाशा. त्यात ना अटल सेतू, ना कोस्टल रोड.

ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेला खुला, भारताचा नकाशा गार्मिनच्या स्वरूपात फुकट मिळतो. मेमरी कार्डवर ‘गार्मिन’ नावाचा फोल्डर करायचा, त्यात ती फाईल ‘जीमॅपसप’ याच नावाने ठेवायची (मागे डॉट आयएमजी), बॅटरी काढून तिच्याखालच्या खाचेत कार्ड सरकवायचं. हे सगळं मी बरोबर केलं होतं. तरी यंत्राला कार्ड दिसेना. कारण एवढंच की कार्ड ६४ जीबीचं होतं. ३२ जीबीच्या वरची कार्डं एक्सफॅट या फाईली साठवण्याच्या पद्धतीत फॉरमॅट होऊन येतात आणि असल्या जुन्या यंत्रांना फॅट३२ ही जुनी पद्धत लागते. हे तेव्हा डोक्यात आलं नाही. मदतीचा नंबर शोधला, सगळ्यात वर जो आला तो लावला. ती जाहिरात होती. कंपनीचा मदत क्रमांक सर्चमधून कधीच उचलू नका, कंपनीच्या साइटचा पत्ता स्वतः टाइप करा.

पलीकडचा माणूस अडाणी नव्हता, म्हणूनच मी फसलो. तो म्हणाला, “सर, २०१९ च्या रोलओव्हरनंतर तुमचं मशीन सर्व्हरवर ब्लॉक झालंय.” रोलओव्हर खरा आहे. जीपीएसचा आठवडे मोजणारा आकडा १० बिटांचा, म्हणजे १,०२४ आठवडे झाले की पुन्हा शून्य. ६ एप्रिल २०१९ ला तो शून्यावर आला आणि ज्या जुन्या यंत्रांचं फर्मवेअर (आतलं मूळ सॉफ्टवेअर) तयार नव्हतं ती चुकीची तारीख दाखवू लागली. या खऱ्या गोष्टीत त्याने आपलं खोटं बेमालूम कालवलं. शिवाय माझ्या यंत्राच्या नावात ‘एलएम’ (लाइफटाइम मॅप्स) ही अक्षरं नाहीत, म्हणजे आजीवन नकाशे नाहीत. त्यामुळे ‘परवाना’ हा शब्दही खटकला नाही.

खटकायला हवं होतं ते पुढे. त्याने स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला लावलं, माउस हातात घेतला आणि झुमोचा जीपीएक्स फोल्डर उघडला. आत ‘करंट’ नावाची फाईल असते, तिच्यात प्रवासाचा माग साठतो. तीही उघडली. शेवटचा माग मागच्या रविवारच्या माळशेज फेरीचा. सकाळी ६:१० ला निघालो होतो, फाईलमध्ये ००:४०, कारण तिथे जागतिक वेळ असते, साडेपाच तास मागे. तारीख बिनचूक, मिनिट बिनचूक. रोलओव्हरने यंत्र बिघडलं असतं तर तारीख जवळपास वीस वर्षं मागची दिसली असती! त्याचा कर्सर त्या ओळीवरून गेला, ती ओळ मी वाचली, आणि तरी ४,९९९ पाठवले. रात्री झोपताना आजही तीच ओळ डोळ्यांसमोर येते.

आणखी एक. विकतचा नकाशा यंत्राच्या युनिट आयडीला, म्हणजे त्या एकाच यंत्राच्या क्रमांकाला, बांधलेला असतो. याने तो नंबर एकदाही विचारला नाही. यूपीआयवर नावही कुठल्याशा व्यक्तीचं होतं, कंपनीचं नाही.

पैसे पोचताच त्याने ‘जीमॅपप्रॉम’, म्हणजे यंत्राचा मूळ नकाशाच, उडवला. स्क्रीनवर उरले फक्त बेसमॅपचे मोजके ठळक महामार्ग, बाकी मुंबई कोरी. “बघा, लॉक झालं,” म्हणाला. त्या घाबरलेपणात ६,३५० गेले. पुढे ८,५०० मागितले तेव्हा केबल ओढली. अपडेटच्या आधी यंत्रातला सगळा मजकूर, लपवलेल्या फोल्डरांसकट, लॅपटॉपवर उतरवून ठेवा. माझ्याकडे तो होता म्हणून नकाशा परत आला. आणि ते ॲप? आधी इंटरनेट बंद, मग ॲप काढा, मग दुसऱ्या यंत्रावरून सगळे पासवर्ड बदला.

लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तुम्हीही पहिलं तेच करा, त्यात मिनिटंसुद्धा महत्त्वाची. मग बँकेच्या शाखेत गेलो. “पिन तुम्हीच टाकलात ना? मग व्यवहार अधिकृत.” संपलं! पोलीस ठाण्यात दीड तास बाकावर, मग प्रश्न, “गुगल मॅप नाही का फोनमध्ये?” अहो, माझ्या फोनमध्ये काय आहे हा तपासाचा विषय आहे का? मग “पैसे तुम्हीच पाठवलेत, याला फसवणूक कसं म्हणायचं?” तोतयेगिरी करून संगणकाद्वारे फसवणं हा आयटी कायद्याच्या कलम ६६डी खाली गुन्हा आहे, हे मी सांगायचं! शेवटी “हद्द आमची नाही.” भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ म्हणतं की हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावीच लागते. छापील प्रत पुढे ठेवली तेव्हा कुठे अर्ज घेतला. तीन फेऱ्या झाल्या, तीन अर्ध्या दिवसांचा पगार गेला, आणि उत्तर एकच, “वर पाठवलंय.” रक्कम लाखात नाही म्हणून ती चोरी नाही का?

नकाशा आता चालतो. ३२ जीबीचं कार्ड फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलं, फाईल ठेवली, झालं. नकाशाच्या सेटिंगमध्ये ‘मॅप इन्फो’त जाऊन जुन्या नकाशाची खूण काढा, नाहीतर दोन्ही नकाशे एकमेकांवर चढतात. केबल डेटाची हवी, नुसत्या चार्जिंगच्या मिनी यूएसबी केबलने यंत्र लॅपटॉपला दिसतच नाही. ‘एलएम’वाल्यांनो, गार्मिन एक्सप्रेसने (कंपनीच्या अपडेटच्या सॉफ्टवेअरने) ‘जागा अपुरी’ म्हटलं तर तो बिघाड नाही. नकाशे वाढले, आतली मेमरी तेवढीच राहिली. कार्ड घाला, कोणाला फोन करू नका.

अटल सेतू, सी लिंक आणि कोस्टल रोडवर दुचाकीला बंदी आहे, पण या नकाशाच्या स्वरूपात मोटरसायकलसाठी वेगळी बंदी नोंदवता येत नाही, यंत्र तुम्हाला कारच समजतं. ‘टोल रस्ते टाळा’ लावलंत की अटल सेतू आणि सी लिंक सुटतात. कोस्टल रोडला टोल नाही, त्यामुळे तिकडे ते तुम्हाला नेणारच. वरळीकडून येताना पेडर रोडवर मधला थांबा टाकून ठेवा.