शामारेलचा धबधबा: मॉरिशसमध्ये सवडीने पाहावे असे ठिकाण

मॉरिशसच्या नैर्ऋत्येकडील शामारेल हे डोंगरातील गाव पर्यटकांना माहीत असते ते तेथील सप्तरंगी मातीमुळे, आणि धबधबा केवळ त्या वाटेवर लागतो म्हणून पाहिला जातो. माझ्या मते या जागेचे खरे वैभव धबधबाच आहे आणि बहुतेकांच्या वेळापत्रकात त्याच्यावर अन्याय होतो. आमच्या सहल कंपनीनेही त्यासाठी जेमतेम दहा मिनिटे राखून ठेवली होती. चालकाला विनंती करून आम्ही ती वाढवून घेतली, हे फार बरे झाले.

प्रवेशद्वारावर घेतलेल्या एकाच तिकिटात धबधबा आणि रंगीत माती दोन्ही पाहता येतात, गाडी आतपर्यंत नेता येते आणि आत गेल्यावर धबधबा आधी लागतो. दर्शनी सज्जापर्यंत फारसे चालावे लागत नसल्यामुळे वडीलधाऱ्यांनाही तो सहज पाहता येतो. वरच्या सज्जाकडे मात्र पायऱ्या चढून जावे लागते आणि दरीचा पूर्ण आवाका तेथूनच कळतो. सॅं-देनी नदी सुमारे 100 मीटर उंचीच्या कड्यावरून, मध्ये कोठेही न अडखळता, एकाच झेपेत दाट झाडीच्या दरीत कोसळते. लांब शेपटीचे पांढरे पक्षी कड्यासमोर घिरट्या घालतात. एअर मॉरिशसच्या विमानांवर चितारलेला पक्षी तो हाच.

मराठी माणसाने येथे पाण्याइतकेच कड्याकडेही लक्ष द्यावे. एकावर एक साचलेल्या लाव्हाच्या थरांचा हा काळा बेसॉल्ट सह्याद्रीच्या कड्यांची आठवण करून देतो आणि हे साम्य निव्वळ दिसण्यापुरते नाही. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भारतीय भूखंड ज्या तप्तबिंदूवरून, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून तप्त शिलारस वर येत राहतो अशा जागेवरून, सरकत होता, त्याच्याच उद्रेकांतून दख्खनचे पठार घडले, भूखंड उत्तरेकडे सरकत गेला तशी लक्षद्वीप, मालदीव आणि छागोस या बेटांच्या तळाशी असलेली ज्वालामुखीय रांग तयार झाली, आणि पुढे त्याच उगमातून मॉरिशस समुद्राबाहेर आले, असे भूवैज्ञानिक सर्वसाधारणपणे मानतात. तो बिंदू आज शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे आणि तेथील ज्वालामुखी अजून जागृत आहे. हे ठाऊक असेल तर महाबळेश्वर किंवा आंबोली पाहिलेल्याला शामारेलचा कडा परका वाटत नाही. ही माहिती सांगणारा एखादा सविस्तर फलक सज्जावर असता तर पाहुण्यांची पावले तेथे आपोआप रेंगाळली असती.

उणीव सांगायची तर, सज्जा धबधब्यापासून बऱ्याच अंतरावर आहे. तुषार अंगावर येतील, पाण्यात पाय बुडवता येतील, अशी अपेक्षा ठेवून येणाऱ्यांची निराशा होईल, कारण तळाशी जाण्यासाठी वाटाड्यासह वेगळी पायपीट करावी लागते. पाण्याचा जोर डिसेंबर ते एप्रिल या पावसाळी महिन्यांत सर्वाधिक असतो. तेव्हा वादळांचाही काळ असल्यामुळे हवामानाचा अंदाज पाहूनच दिवस ठरवावा आणि दरी धुक्याने भरली असेल तर थोडे थांबावे. कोरड्या महिन्यांत धार बारीक होते, परंतु कड्याचे थर तेव्हा अधिक स्पष्ट दिसतात, म्हणून त्या काळातील भेटही मी वाया गेली असे मानणार नाही.

पुढची रंगीत माती अवश्य पाहावी, मात्र तिच्यासाठी अर्धा तास पुरेसा आहे. बेसॉल्ट कुजून त्यातील सिलिका पावसाने वाहून गेली आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहिली, म्हणून हे रंग आले. कोकणातला जांभा अशाच प्रक्रियेतून घडलेला आहे. रंगीत मातीपाशी कुंपणात सेशेल्समधील अल्दाब्रा बेटाची महाकाय कासवेही आहेत, मुलांना ती फार आवडतात. सहल ठरवतानाच धबधब्यापाशी निदान पाऊण तास हवा असे चालकाला स्पष्ट सांगावे आणि सकाळी लवकर, मोठ्या बसगाड्या येण्यापूर्वी, तेथे पोहोचावे.