मुलांसाठी शाडूचं किट घेताय? आधी माती बघा

श्रावण लागला की घरीच गणपती घडवण्याचे किट दुकानांत आणि ऑनलाइन दिसायला लागतात. खोक्यात थोड्याफार फरकाने तेच असतं: एक-दीड किलो शाडू माती, दोन-तीन प्लास्टिकच्या कोरण्या, एक ब्रश, रंगांच्या सहा चिमुकल्या डब्या, कृतीचा कागद आणि एखाद्यात बियांची पुडी. किंमत साधारण दोनशेपासून पाचशेपर्यंत, खोकं जितकं चकचकीत तितकी जास्त. चार ते आठ वर्षांच्या मुलांना घेऊन बसायचं असेल तर यातलं काय कामाचं आणि काय नुसतं भरताड, ते सांगण्यासाठी हा रिव्ह्यू.

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात: कोरडी पावडर, मळून पिशवीत बंद केलेला गोळा आणि साचा असलेलं किट.

पावडरीचं किट कागदावर स्वस्त वाटतं आणि मातीच्या हिशेबाने ते खरोखर स्वस्त असतंही. एक किलो पावडरीला ३०० ते ३५० मिली पाणी लागतं, म्हणजे हातात सव्वा किलोच्या वर गोळा येतो. उलट मळलेल्या एक किलो गोळ्यात पाव किलोच्या आसपास पाणीच असतं. पण ही पावडर मुलांच्या हाती द्यायची नाही. शाडू पिठापेक्षा बारीक असते, ढवळली की उडते आणि ती धूळ नाका-घशात जाते. घमेल्यात आधी पाणी घ्यायचं, त्यावर पावडर मुठी-मुठीने सोडायची आणि हात न लावता सहा-आठ तास भिजू द्यायची. उलटं केलं, म्हणजे पावडरीवर पाणी ओतलं, तर वरून चिखल आणि आत कोरड्या गुठळ्या राहतात. या गुठळ्या मळताना कळत नाहीत, मूर्ती वाळताना तडे पाडून कळतात. भिजलेली माती दहा-पंधरा मिनिटं कणकेसारखी तिंबायची. बोटाला चिकटली तर जाड सुती कापडावर पसरून अर्धा तास ठेवायची, वरून कोरडी पावडर भुरभुरायची नाही. गोळा मळून झाला की ओल्या कापडात गुंडाळून रात्रभर झाकून ठेवायचा. म्हणजे मुलं हात लावायच्या आधी मोठ्या माणसाचा एक अख्खा दिवस यात जातो. खोक्यावर मात्र 'अर्ध्या तासात तयार' असंही लिहिलेलं सापडतं.

मळलेल्या गोळ्याचं किट मुलांसाठी सरळ उत्तम. पिशवी उघडायची आणि बसायचं. विकत घेताना पिशवी दाबून बघावी: अंगठा कानाच्या पाळीइतक्या सहज रुतला तर माती योग्य, दगडासारखी लागली तर पिशवीला कुठेतरी भोक पडलंय. आत काळपट डाग किंवा डबक्यासारखा वास असेल तर घाबरायचं कारण नाही, बंद ओल्या मातीला तो येतोच. उघडून तासभर वाऱ्यावर ठेवली की जातो. पांढरी बुरशी धरली असेल तर मात्र तेवढा भाग काढून टाकावा. ऑनलाइन मागवलं तर आल्या आल्या पिशवी उघडून बघा, चतुर्थीच्या आठवड्यात बदलून मिळण्याची आशा धरू नका.

साच्याच्या किटबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही. रबरी साच्यात माती दाबायची, सोडवायची, झालं. मुलाच्या वाट्याला दाबणं येतं आणि सोडवताना सोंड साच्यातच राहिली की रडणं येतं. साचा घेतलाच असेल तर आतून ब्रशने कोरडी शाडू पावडर किंवा टाल्कम लावा, माती एकसंध गोळ्याने भरा (तुकड्या-तुकड्यांनी भरली तर जोडरेषा उमटतात) आणि अर्धा-पाऊण तास थांबून मग साचा सोलून काढा. एवढं करून मूर्ती शेजारच्या घरातल्यासारखीच दिसणार.

मातीची परीक्षा करणं अवघड नाही. शाडू मुख्यतः गुजरातमधून येते, रंगाने राखाडी ते पिवळट पांढरी, बोटांत चोळली तर रेशमासारखी लागते. पावडर कालवल्यावर पंधरा-वीस मिनिटांत आपोआप घट्ट व्हायला लागली आणि हाताला कोमट लागली, तर त्यात प्लास्टर ऑफ पॅरिस आहे. ते लगेच बाजूला ठेवा. प्लास्टर घट्ट होताना इतकं तापू शकतं की त्यात हात रुतवून बसलेल्या मुलाला भाजेल. दुसरी परीक्षा निवांतपणे करायची: सुपारीएवढी गोळी पूर्ण वाळवून ग्लासभर पाण्यात सोडायची. शाडू असेल तर बुडबुडे येऊन ती पाच-दहा मिनिटांत ढासळायला लागते. प्लास्टर तसंच बसून राहतं.

आता एक किलोत काय होतं ते नेमकं बघू, कारण किटच्या कागदांची सर्वात मोठी उणीव इथेच असते. चित्रं सुंदर असतात, पण कुठला गोळा केवढा घ्यायचा ते लिहिलेलं नसतं. मग मुलाने अर्धी माती पोटात घातली की डोक्याला उरत नाही. स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा. पाटाला २०० ग्रॅम, पोटाला २५०, डोक्याला १२०, मांडी घातलेल्या दोन पायांना ६०-६०, चार हातांना २०-२०, सोंडेला २५, दोन कानांना मिळून २०, मुकुटाला ३०, उंदीर आणि मोदक मिळून २५. हे झाले ८७० ग्रॅम. उरलेली १३० ग्रॅम माती डागडुजीला लागतेच, तिला कुणाला हात लावू देऊ नका. या मापाने साडेपाच-सहा इंचांची मूर्ती उभी राहते आणि वाळल्यावर साधारण एक सेंटिमीटरने आक्रसते. दोन भावंडं असतील तर एका किलोत भागवू नका. प्रत्येकाला वेगळा गोळा, वेगळा पाट. एकाच मूर्तीवर चार हात आले की भांडण ठरलेलं.

खोक्यातला पुठ्ठ्याचा पाट वापरू नये, ओलाव्याने फुगतो. त्यापेक्षा उलटी ठेवलेली स्टीलची ताटली, तिच्यावर ओल्या सुती कापडाचा तुकडा आणि त्यावर मातीचा पाट. ताटली गोल फिरवता येते, त्यामुळे मूल जागचं न उठता मूर्तीची पाठसुद्धा करतं.

जोड हा सगळ्यांत नाजूक भाग. गोळ्यावर गोळा नुसता दाबला की त्या वेळी चिकटल्यासारखा वाटतो आणि तिसऱ्या दिवशी हात गळून पडतो. दोन्ही बाजूंना काट्याच्या चमच्याने आडव्या-उभ्या रेघा मारायच्या, सायीइतकी पातळ केलेली माती बोटाने लावायची, दाबायचं आणि जोडावरची माती अंगठ्याने दोन्हीकडे ओढून घ्यायची. सहा वर्षांचं मूल हे व्यवस्थित करतं. त्याला रेघा मारायला दिल्या तर बाकी सगळं विसरतं.

मान आणि सोंडेसाठी कृतीच्या कागदावर टूथपिक सुचवलेली असते. माती आक्रसते, लाकूड आक्रसत नाही, म्हणून जाड काडीभोवती हमखास तडा जातो. खराट्याची बारीक काडी दीड इंचाची तोडून फक्त मानेत घाला. सोंड काडीशिवाय करा: मुळाशी जाड, टोकाला निमुळती वळी वळून तिचं टोक पोटावर टेकवा आणि तिथेही जोडून टाका. हवेत तरंगणारी सोंड लहान मुलांच्या घरात टिकत नाही. सोंड डावीकडे वळवायची की उजवीकडे हा प्रश्न घरातल्या आजीला आधीच विचारून ठेवा, नाहीतर मूर्ती झाल्यावर चर्चा होते.

कोणत्या वयाला काय द्यावं? तीनच्या आत फक्त एक लिंबाएवढा गोळा आणि शेजारी बसलेलं मोठं माणूस, कारण पहिला घास तोंडात जातो. किटमध्ये डोळ्यांसाठी मणी किंवा मुकुटाला खडे असतील तर ते या वयाच्या आसपाससुद्धा फिरकू देऊ नका. तीन-चार वर्षांची मुलं गोळे आणि वळ्या छान करतात: मोदक, उंदीर, कान त्यांच्याकडे द्यावेत. पाच-सहाला जोड जमतात. सात-आठला अख्खी मूर्ती, फक्त पाट आणि पोट मोठ्यांनी पक्कं करून दिलेलं बरं. एक बैठक पंचवीस मिनिटांची, फार तर अर्ध्या तासाची. पहिल्या बैठकीत पाट, पोट, पाय, मग ओलं कापड झाकून मधली सुट्टी. दुसऱ्या बैठकीत वरचं सगळं. एका दमात करायला गेलं तर खालची माती ओली असताना वरचं वजन येतं आणि पोट बसतं. मुलाने केलेला वाकडा कान रात्री गुपचूप सरळ करू नका. सकाळी त्याला पहिल्या नजरेत कळतं.

प्लास्टिकच्या कोरण्यांवर वेगळे पैसे घालवू नयेत. आइसक्रीमची काडी, जुना कंगवा, संपलेली रिफिल आणि चहाची जुनी गाळणी एवढं पुरतं. गाळणीतून माती अंगठ्याने दाबली की बारीक शेवया निघतात. त्याचा हार होतो, उंदराच्या मिश्याही होतात. मोदकाचा साचा वापरला तर मातीचा मोदक अगदी खरा उठतो. मात्र तो साचा नंतर स्वयंपाकघरात परत नेऊ नका.

पाट थोडा घट्ट झाला की मूर्ती हलकेच कलंडवून खालून चमच्याने लिंबाएवढा पोकळ भाग काढायचा. भरीव पाटाचं बाहेरचं वाळतं, आतलं ओलं राहतं आणि बाहेरचं आक्रसताना फाटतं. वाळवणं सावलीत, पंख्याखाली नाही आणि उन्हात तर नाहीच. पहिल्या रात्री कान, सोंड आणि हातांवर ओलसर कापडाच्या पट्ट्या ठेवल्या की बारीक भाग धडाच्या बरोबरीने वाळतात. कृतीवर '२४ तास' लिहिलेलं असेल तर ते पावसाळ्यात खोटं ठरतं. पुण्यात चार-पाच दिवस, मुंबई-कोकणात आठवडा धरा. वाळली की नाही ते मुलांना गालाने तपासायला सांगा: गार लागली तर अजून ओली. तडा गेलाच तर ओली माती भरू नका, ती पुन्हा आक्रसून गळते. तडा बोटाने जरासा ओलसर करून त्यात भिजवलेल्या टिश्यू पेपरचा लगदा मिसळलेली माती दाबायची.

२०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे चतुर्थी उशिरा, १४ सप्टेंबरला सोमवारी आहे. म्हणून घडवायला २९-३० ऑगस्टचे शनिवार-रविवार आणि रंगवायला ५-६ सप्टेंबर हे बरोबर बसतं.

किटमधले रंग बहुधा पोस्टर कलर असतात आणि पुरेसेही असतात. चूक होते ती पाण्याची. लहान मुलं ब्रश सारखा बुचकळतात आणि कच्च्या मातीवर पाणी साचलं की वरचा थर चिखल होऊन रंगात मिसळतो. पाण्याची वाटी देऊच नका. रंग दाट ठेवून स्पंजच्या तुकड्याने टेकवू द्या, प्रत्येक रंगाला वेगळा तुकडा. घरचे रंग हवे असतील तर गेरू आणि हळद डिंकाच्या पाण्यात कालवून छान बसतात, फक्त हळद उन्हात उडते. ॲक्रिलिक आणि वार्निश टाळा, त्यांची साल पाण्यात विरघळत नाही. डोळ्यांची आखणी शेवटी, वाटल्यास टूथपिकच्या बोथट टोकाने. तिचा एवढाच उपयोग.

बियांच्या पुडीवर मात्र तक्रार आहे. 'विसर्जनानंतर रोप उगवेल' हे वाचून मुलं रोज कुंडीत बघतात आणि निराश होतात. शाडू इतकी बारीक असते की वाळल्यावर तिची फरशी होते, पाणी झिरपत नाही, कोवळा कोंब वर येत नाही. बी उगवायचं तर लाल माती आणि शेणखत हवं. बिया मूर्तीत घातल्या आणि हवा दमट असली तर त्या वाळवतानाच फुगून पोट फोडतात, हा आणखी वेगळा प्रकार. पुडी बाजूला ठेवा आणि वेगळ्या कुंडीत पेरा.

विसर्जनाला १५-२० लिटरची बादली पुरते. मूर्ती पूर्ण वाळलेली असली तर काही तासांत विरघळते आणि आतून ओली असेल तर दुसऱ्या दिवशीही ढेकूळ तसंच सापडतं. ऐकायला उलटं वाटतं, पण कोरड्या मातीतली छिद्रं झपाट्याने पाणी ओढतात, आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते आणि थर सुटतात. ओल्या मातीत पाणी शिरायला जागाच नसते. मुलांना हे बुडबुडे बघायला बसवा. ते पाणी सिंकमध्ये किंवा मोरीत ओतू नका, पाइपाच्या वळणात गाळ बसून तुंबतं. रात्रभर निवळू द्या, वरचं पाणी झाडांना घाला, खालची माती जुन्या ओढणीतून गाळून कापडावर सुकवा आणि डब्यात भरा. पुण्यात ही माती गोळा करून मूर्तिकारांकडे परत पोचवणारी 'पुनरावर्तन' मोहीम चालते, तिथेही देता येते.

पहिल्याच वर्षी करत असाल तर मळलेल्या मातीचं, साचा आणि बिया नसलेलं, दीड किलोचं किट घ्या. गावात मूर्तिकाराचा कारखाना असेल तर किटही नको, त्यांच्याकडूनच मळलेला गोळा मागा. आणि मूल चारच्या आतलं असेल तर सरळ बिनरंगाची कच्ची शाडूची मूर्ती आणा, स्पंज आणि दोन रंग त्याच्या हातात द्या.