डेथ कप्पा : नदीतला खोडकर प्राणी शहर तुडवू लागतो तेव्हा

तोमोओ हारागुची दिग्दर्शित ‘डेथ कप्पा’ (2010) या जपानी चित्रपटातील शहर लहान प्रतिकृतींचे आहे, रणगाडे खेळण्यातले वाटतात आणि महाकाय प्राण्याच्या रबरी पोशाखात माणूस आहे. यातले काहीही लपवण्याची दिग्दर्शकाला इच्छा दिसत नाही. हारागुची हे मूळचे रंगभूषा व विशेष परिणामांच्या क्षेत्रातले, आणि 1990च्या दशकातील ‘गामेरा’ या महाकाय कासवाच्या चित्रपटांतही त्यांनी काम केलेले. त्यामुळे इथला स्वस्तपणा अजाणतेपणाचा नसून जुन्या धाटणीची हौस तुटपुंज्या पैशांत भागवण्याचा आहे.

कप्पा हा जपानी लोककथांतला जलचर आहे. पाठीवर कासवासारखे कवच, तोंडाला चोच आणि डोक्यावर पाण्याने भरलेली बशी असे त्याचे रूप. तो घोड्यांना व माणसांना पाण्यात ओढतो, पण रीतीरिवाजांचा इतका पक्का की त्याच्यापुढे वाकून अभिवादन केले, तर तोही वाकतो, बशीतले पाणी सांडते आणि त्याचे बळ ओसरते. काकडी हा त्याचा जीव की प्राण. लोकसाहित्याचे अभ्यासक यानागिता कुनिओ यांनी 1910 साली प्रसिद्ध केलेल्या, ईशान्य जपानमधील तोनो भागातील कथांमध्ये तो भेटतो, आणि त्याच तोनोत आजही पर्यटक एका ओढ्याच्या काठी दोरीला काकडी बांधून त्याच्यासाठी गळ टाकून बसतात.

चित्रपटाचा पूर्वार्ध या परंपरेशी इमान राखतो. गायिका होण्याचे स्वप्न फसल्यावर कानाको (मिसातो हिराता) गावी परतते, त्याच सुमारास तिची आजी अपघातात दगावते आणि कप्पाची काळजी घेण्याची जबाबदारी नातीवर येते. तिच्या गाण्यावर बेंगरूळपणे नाचणारा माणसाएवढा कप्पा हे मला चित्रपटातील सर्वांत जिवंत दृश्य वाटले. रबरी चेहऱ्यावर भाव उमटणे शक्य नसताना पोशाखातील कलाकाराने सगळा निरागसपणा खांदे आणि गुडघे यांतून उभा केला आहे.

पुढे जुन्या साम्राज्यवादी सैन्याचे भूत डोक्यात घेतलेली टोळी, मत्स्यमानव सैनिक घडवण्याचे त्यांचे प्रयोग, अणुस्फोट आणि त्यातून उपजलेला हांग्योरास नावाचा राक्षस असा मसाला घाईघाईने येतो. किरणोत्सर्गातून राक्षस निर्माण होण्याची ही वाट 1954च्या ‘गोजिरा’ने (म्हणजेच ‘गॉडझिला’ने) घालून दिलेली आहे, मात्र तिथली अणुयुद्धाची भीती इथे निव्वळ चेष्टेपुरती उरते. कप्पाही महाकाय होतो आणि दोन प्राण्यांची जुंपते. इमारती कोसळण्याची दृश्ये मनापासून रचलेली असली, तरी ही हाणामारी लांबते, आणि कप्पाचा आकार वाढतो तशी लोककथा मागे पडते, ही माझी मुख्य तक्रार आहे. अभिवादनापायी बळ गमावणारा शत्रू म्हणजे पटकथाकाराला आयते मिळालेले घबाड. त्याच्या जागी ठोसे मारणारा आणखी एक राक्षस कशाला हवा होता?

सुमारे 80 मिनिटांचा हा चित्रपट मुलांना दाखवण्याआधी पालकांनी स्वतः पाहावा, कारण कप्पाचे रूप गोंडस असले तरी विनोद थोडा काळा आहे. महाकाय प्राण्यांच्या चित्रपटांची ओळखच नसलेल्या प्रेक्षकाने मात्र हारागुचींच्याच ‘साकुया’ (2000) या चित्रपटापासून सुरुवात केलेली बरी. त्यात नायिकेचा मानलेला भाऊ कप्पाच आहे, पडद्यावर महाकाय कोळीणही अवतरते, आणि लोककथेला तिथे शेवटपर्यंत काम मिळते.