ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय: नऊ महिन्यांच्या सभासदत्वानंतर

गेल्या पावसाळ्यात आई चिपळूणहून कायमची आमच्याकडे ठाण्याला आली. टीव्हीत तिचा जीव रमत नाही आणि फोनवर वाचलं की डोळे चुरचुरतात. तिच्यासाठी म्हणून मराठी ग्रंथसंग्रहालयाचं सभासदत्व घेतलं. आता नऊ महिने झालेत, कार्ड आईचं आहे आणि निम्मी पुस्तकं मी वाचते.

सुरुवातीला मी जरा नाखूश होते. फक्त मराठी पुस्तकं? मला इंग्रजीही लागतं, मुलीला तर तेच लागतं. आम्ही आधी ज्या उपनगरात राहायचो तिथल्या खासगी वाचनालयात दोन्ही भाषा होत्या. पण मराठीचं कपाट वर्षागणिक कोपऱ्यात सरकत गेलं आणि एक दिवस भाडं झेपेना म्हणून वाचनालयच बंद झालं. अनामत रक्कमही बुडाली. ते आठवलं की इथल्या ‘फक्त मराठी’चं मोल कळतं. इथे मराठीला कपाट मागून घ्यावं लागत नाही.

१८९३ साली वि. ल. भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही संस्था काढली, तेव्हा भाव्यांनी जेमतेम विशी ओलांडली होती. केवळ मराठी ग्रंथ जमवायचे, हा निश्चय करूनच ती उभी राहिली. हेच भावे पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहून जुन्या मराठी वाङ्मयाचा इतिहास मांडतात. आधी ग्रंथ गोळा केले, मग इतिहास लिहिला, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. २०१०चं ८४वं साहित्य संमेलन ठाण्यात भरलं, त्याचं यजमानपदही याच संस्थेकडे होतं.

नवी कादंबरी हवी असेल तर ती कुठेही मिळेल. माझं मत विचाराल तर इथे यावं ते जुन्यासाठी. दिवाळीनंतर आईने एक हट्ट धरला. लहानपणी वाचलेली एक कथा तिला पुन्हा वाचायची होती. लेखक आठवेना, नाव आठवेना. साल कुठलं, असं विचारल्यावर मात्र ती पटकन म्हणाली, “कोयनेचा भूकंप झाला ना, त्या वर्षीची दिवाळी!” म्हणजे १९६७. ११ डिसेंबरच्या त्या पहाटेनंतर चिपळुणात कित्येक रात्री माणसं अंगणात झोपली. आजोबांनी आणलेला दिवाळी अंक आईने तिथेच कंदिलाच्या उजेडात पुरा केला होता. तिला मासिकाचं नाव तेवढं पक्कं आठवत होतं.

काउंटरवरच्या बाईंनी हे सगळं ऐकून घेतलं. मागे रांग होती, तरी घाई केली नाही. त्या वर्षीचा अंक आमच्यासमोर आला तेव्हा आईने आधी त्याच्यावरून हात फिरवला, मग उघडला. कागद पिवळा पडलेला, कडा हात लावताच तुटतील अशा. दोन तास ती पान न् पान बघत बसली. जाहिरातीसुद्धा वाचल्या. कथा त्यात नव्हती. “मासिकच दुसरं असणार गं,” ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर निराशा नव्हती.

असं काम दुकान करू शकत नाही, कारण त्यात विक्री नाही. १९६७च्याच ग्रंथालय कायद्याखाली राज्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयांना अ, ब, क, ड वर्गांनुसार सरकारी अनुदान मिळतं, सोबत सभासदांची वर्गणी आणि देणग्या असतात. राज्यभरातले ग्रंथालय कर्मचारी कित्येक वर्षं वेतनश्रेणी मागताहेत. तुटपुंज्या पगारावर एवढ्या आस्थेने पुस्तक शोधून देणाऱ्या माणसांना ती मिळायलाच हवी.

जाणाऱ्यांसाठी एवढंच सांगेन की संग्रहालय ज्या सुभाष पथावर आहे तो स्टेशनजवळ असल्याने संध्याकाळी गर्दीतून वाट काढावी लागते. ज्येष्ठांना सकाळीच न्या. गाडी नेऊ नका. आणि काही जुनं हवं असेल तर निदान साल लक्षात ठेवून जा.

आईने घरी आल्या आल्या तीन मासिकांची नावं एका चिठ्ठीवर लिहिली. त्यातलं एक बघून झालंय, येत्या शनिवारी दुसरं.