बिल माझं, सही माझी, खातं चोराचं

माझ्या बँक खात्यातून एक दमडीही गेली नाही. फोनवर कुणाला ओटीपी सांगितला नाही, लॉटरी लागल्याच्या मेललाही भुलले नाही. तरी माझ्या कामाचे पैसे चोराने नेले, तेही माझ्याच नावाने मागून. ही तऱ्हा अजून पुष्कळांना ठाऊक नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ज्यांची बिलं मेलवरून जातात त्यांनी तर वाचाच.

मी पुस्तकांची मांडणी करून देते. पानांची ये-जा मेलवर, बिल मेलवर, पैशांचा तगादाही मेलवरच. एका ओळखीच्या संपादकांचा असाच मेल आला. नवाकोरा नव्हे, आमचं जे बोलणं आधीपासून चाललं होतं त्याच साखळीत, खाली आमची जुनी पत्रं जशीच्या तशी. वर एकच ओळ: "सुधारित पानं इथे ठेवली आहेत, आज बघून घ्याल का?" आणि लिंक. पत्ता नीट पाहिला असता तरी काही हाती लागलं नसतं. मेल त्यांच्याच खात्यावरून निघाला होता, फक्त त्या खात्यात आता आणखी कुणीतरी बसलेलं होतं आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

लिंकवर साइन-इनचं पान उघडलं. रोजच्यासारखंच, माझा मेल-पत्ता आधीच भरलेला. वेगळं काय होतं ते सांगते. माझा पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड जपून ठेवणारं ॲप, एरवी पान उघडताक्षणी पासवर्डाची चौकट भरून टाकतो. इथे ती रिकामीच राहिली. असं अधूनमधून होतं. मी मॅनेजर उघडला, पासवर्ड कॉपी केला, चिकटवला. मोबाइलवर कोड आला, तोही टाकला. पुढे खरोखरच एक पीडीएफ उघडली, आमच्याच पुस्तकाची, पण जुनी पानं. चुकून जुनी फाइल ठेवली वाटतं, असं म्हणून मी दुसऱ्या कामाला लागले.

त्या रिकाम्या चौकटीत सगळं काही होतं. आपण पान ओळखतो ते चेहऱ्यावरून, मॅनेजर ओळखतो तो पत्त्यावरून, अक्षर न् अक्षर जुळवून. रोमन लिपीतले छोटे 'आर' आणि 'एन' शेजारी आले की डोळ्याला 'एम' दिसतो. मॅनेजरला दिसत नाही. २०१७ साली शुदोंग झेंग या संशोधकाने 'ॲपल डॉट कॉम' हे नाव पूर्णपणे सिरिलिक (रशियनच्या लिपीतल्या) अक्षरांत नोंदवून दाखवलं, तेव्हा ते क्रोम आणि फायरफॉक्समध्ये हुबेहूब खऱ्यासारखं दिसत होतं. कुणाचे डोळे पुरे पडणार? मार्च २०२५ मध्ये ट्रॉय हंट यांच्याबाबतीत हेच घडलं. 'हॅव आय बीन पोन्ड' ही चोरीला गेलेल्या पासवर्डांची माहिती देणारी सेवा चालवणारा हा माणूस. मेलचिंप या घाऊक मेल पाठवणाऱ्या सेवेच्या नावाच्या खोट्या पानावर त्यांनी पासवर्ड आणि कोड दोन्ही टाकले, आणि काही मिनिटांत त्यांच्या वाचकांचे सुमारे १६ हजार मेल-पत्ते चोराने उतरवून घेतले. मॅनेजरने पासवर्ड आपणहून भरला नव्हता, हे त्यांनीही नंतर लिहिलं.

"पण तुम्ही कोड लावला होता ना, मग?" हा प्रश्न मला प्रत्येकाने विचारला. कोड होता. मात्र अशी पानं आता नुसता पासवर्ड टिपून घेत नाहीत. मधे बसून तुम्ही जे टाइप कराल ते त्याच क्षणी खऱ्या साइटकडे पोचवतात. खरी साइट कोड मागते, तो तुमच्याकडून घेऊन तिला देतात. साइट खूश होऊन 'हा माणूस आत आहे' अशी खूण, म्हणजे सेशन कुकी, परत पाठवते. ती चोर ठेवून घेतो. त्यानंतर त्याला ना पासवर्ड लागतो ना कोड. याला खरा अडसर पास-की (पासवर्डाऐवजी फोनमध्ये किंवा संगणकात ठेवलेली किल्ली) किंवा यूएसबीसारखी सुरक्षा-किल्ली, कारण ती ज्या डोमेनसाठी, म्हणजे साइटच्या ज्या नावासाठी, बनवली त्याच डोमेनला उत्तर देते. दुसऱ्यावर चालतच नाही. गुगलने आपल्या ८५ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांना २०१७ पासून अशा किल्ल्या सक्तीच्या केल्या आणि त्यानंतर फिशिंगमुळे, म्हणजे अशा खोट्या पानांच्या गळामुळे, कुणाचं कामाचं खातं गेल्याची नोंद नाही, असं २०१८ मध्ये सांगितलं. ब्राउझरमधल्या कुलपाच्या चिन्हाचं मात्र कौतुक नको. तुमचं बोलणं वाटेत कुणी वाचत नाही, एवढंच ते सांगतं. समोर कोण बसलंय ते नाही. त्यासाठी साइटला लागणारं प्रमाणपत्र फुकट मिळतं, चोरालाही. लोकांचा हाच घोळ होतो म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह बदलून टाकलं.

त्यानंतर एक दिवस इनबॉक्समध्ये कचऱ्याचा पूर आला. कुठकुठल्या वृत्तपत्रिका, कुठकुठल्या दुकानांची "नोंदणीबद्दल धन्यवाद"ची पत्रं, परक्या भाषांतली. तासाभरात शेकड्यांनी. मी वैतागून सगळं निवडलं आणि पुसलं. हा निव्वळ त्रास नव्हता, हे पोलिसांकडे गेल्यावर कळलं. कुणाचा पत्ता असंख्य ठिकाणी नोंदवून त्याचा इनबॉक्स मुद्दाम भरायचा, म्हणजे त्या ढिगात "नव्या उपकरणावरून साइन-इन झालं" अशी जी एकच कामाची सूचना येते ती दिसू नये. माझी सूचना त्याच ढिगात होती. अचानक असा पूर आला तर पुसायच्या आधी बँक, मेल आणि खरेदीच्या साइट यांची नावं शोधून पाहा. पूर हेच लक्षण आहे.

एरवीच्या रोजच्या स्पॅमबद्दल मला फार काही म्हणायचं नाही. ती पिढ्यान्‌पिढ्यांची कटकट आहे. ३ मे १९७८ रोजी गॅरी थुर्क नावाच्या विक्रेत्याने अर्पानेटवरच्या (इंटरनेटच्या आधीच्या जाळ्यावरच्या) काहीशे लोकांना संगणकाची जाहिरात एकदम पाठवली, तेव्हापासून चालू. त्यातली चित्रं आपोआप उघडू देऊ नका, कारण त्या चित्रावरूनच पत्ता जिवंत असल्याचं पाठवणाऱ्याला कळतं. अनोळखी स्पॅमच्या तळाशी असलेलं 'अनसबस्क्राइब'ही दाबू नका. बस्स.

आता मुख्य गोष्ट. बिल पाठवून बरेच दिवस झाले, पैसे आले नाहीत. मी सौम्यशी आठवण पाठवली. उत्तर नाही. अजून एक पाठवली. शेवटी प्रकाशकाच्या अकाउंट्समध्ये फोन लावला.

"मागच्या बिलाचं काही झालं का हो?"

"मॅडम, ते तर कधीच पाठवलं की. तुम्ही नवीन खातं कळवलंत ना, त्याच्यावरच."

"कुठलं नवीन खातं?"

पलीकडे जरा वेळ शांतता. मग त्यांनी माझंच पत्र मला वाचून दाखवलं. "जुन्या खात्यात तांत्रिक अडचण आल्याने ते तूर्त बंद आहे. सोबतच्या सुधारित बिलातील खात्यावर रक्कम जमा करावी. तसदीबद्दल क्षमस्व. कळावे." मीही हेच लिहिलं असतं. 'तसदीबद्दल क्षमस्व' तर माझं ठरलेलं वाक्य, वर्षानुवर्षं प्रत्येक बिलाखाली असतं. जुनी पत्रं वाचून उचललेलं. जोडलेलं बिल माझंच, माझ्या अक्षरजुळणीतलं, फक्त खाते क्रमांक वेगळा. अशुद्ध भाषेवरून खोटा मेल ओळखा, हा सल्ला आता मोडीत काढायला हवा. भाषा यंत्र लिहून देतं आणि नमुना आपल्याच खोक्यात पडलेला असतो.

अकाउंट्सच्या त्या बाईंनी हलगर्जी केली असंही नाही. "बदल खरा आहे ना, एकदा कळवाल का?" असं त्यांनी विचारलं होतं. मेलवरच. "हो, खरा आहे" असं उत्तरही त्यांना लगेच मिळालं. मला त्यांचा प्रश्न कधी दिसलाच नाही, कारण माझ्या मेलच्या सेटिंग्जमध्ये एक नियम बनवून ठेवलेला होता. नियमाचं नाव नुसतं एक टिंब. प्रकाशकाच्या पत्त्यावरून येणारा किंवा 'बिल', 'पेमेंट', 'खाते' यांपैकी काही असलेला मेल आला की तो वाचलेला दाखवायचा आणि 'आरएसएस फीड्स' नावाच्या फोल्डरमध्ये टाकायचा. त्या फोल्डरमध्ये मी जन्मात गेले नव्हते. उघडला तर माझ्या दोन्ही आठवणींना आलेली त्यांची उत्तरं तिथे होती, आणि त्यांचे प्रश्नही.

आणखी एक कारागिरी. मेलच्या सीसीमध्ये संपादकांचा पत्ता असायचा, तोही चोराने बदलला होता. एक अक्षर जास्त असलेलं डोमेन नोंदवून. सगळ्यांना वाटत होतं की संपादक सीसीमध्ये आहेतच, काही खटकलं तर बोलतील. संपादकांना त्यातलं एकही पत्र गेलं नव्हतं.

मेल-सेवेने खोटेपणा पकडायला नको होता का, असं मलाही वाटलं होतं. पण मेल पोचवण्याची मूळ पद्धत १९८२ सालची, आणि तीत पाठवणारा कोण हे तपासायची सोयच नव्हती. लिफाफ्यावर प्रेषकाचं नाव ज्याला हवं ते त्याने लिहावं, तसं. नंतर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशा तपासण्या आल्या आणि फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने घाऊक मेल पाठवणाऱ्यांना त्या सक्तीच्याही केल्या. पण त्या सांगतात काय, तर मेल त्या डोमेनवरून आला हे खरं. संपादकांच्या बळकावलेल्या खात्यावरून आलेला मेल या तिन्ही परीक्षांत पास झाला. एक अक्षर जास्त असलेलं डोमेनही पास झालं, कारण त्याचा मालक चोरच होता.

बँकेचंही तसंच. नाव माझं, खातं भलत्याचं, तरी पैसे जमा. पुष्कळ ठिकाणी बँकांची यंत्रणा खाते क्रमांक पाहते, नाव जुळतं का ते पाहतच नाही. आम्ही बँकेला कळवलं तोवर रक्कम तिथून पुढे सरकली होती. नंतरची वादावादी मला जास्त लागली. प्रकाशकाचं म्हणणं, आम्ही बिलाप्रमाणे पैसे दिले. माझं म्हणणं, मला मिळाले नाहीत. शेवटी नुकसान निम्मं-निम्मं वाटून घेतलं. कामं अजून येतात, पण पूर्वीचा मोकळेपणा राहिला नाही.

हे फक्त एकट्या-दुकट्या माणसांचं होतं असं नाही. एवाल्दास रिमासाउस्कास या लिथुआनियाच्या माणसाने २०१३ ते २०१५ या काळात क्वांटा या तैवानी पुरवठादाराच्या नावाने खोटी बिलं पाठवून गुगल आणि फेसबुककडून १० कोटी डॉलरहून जास्त रक्कम काढली. २०१९ मध्ये त्याला अमेरिकेत ५ वर्षांची शिक्षा झाली. २०२३ या एका वर्षात अशा व्यवहारांतल्या नुकसानीच्या एफबीआयकडे आलेल्या तक्रारी २.९ अब्ज डॉलरच्या घरात होत्या.

आमच्यात आता ठरलं आहे: खातं बदलल्याचं मेलने कळलं तर फोन करायचा, आणि तोही आधीपासून जपून ठेवलेल्या नंबरवर, त्या मेलमधल्या नव्हे. माझ्या प्रत्येक बिलावर ही ओळ छापलेली असते. एका ग्राहकाला ती अपमानास्पद वाटली. वाटू दे.

खातं गेल्याची शंका आली तर नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. इथेच लोक निर्धास्त होतात. पासवर्ड बदलला तरी पुष्कळदा चोराचं सेशन चालूच राहतं, म्हणून सगळ्या उपकरणांवरून साइन-आउट करा. नियम किंवा फिल्टर, मेल परस्पर दुसरीकडे फॉरवर्ड होतोय का, खातं परत मिळवण्यासाठी दिलेला फोन आणि पत्ता आपलाच आहे का, कोडसाठी भलताच मोबाइल जोडलाय का, हे एकेक उघडून पाहा. आणि खात्याला जोडलेली ॲप्स. मे २०१७ मध्ये 'गुगल डॉक्स' असं नाव घेतलेल्या एका खोट्या ॲपने पासवर्ड मागितलाच नाही, नुसती 'परवानगी द्या' म्हणून विचारलं आणि लोकांच्या मेलमध्ये शिरलं. अशी परवानगी पासवर्ड बदलल्यावरही शाबूत राहू शकते. संपादकांनी आपल्या यादीतल्या सगळ्यांना फोन करून हे तपासायला लावलं, तेव्हा आणखी काही जणांकडे तसलाच टिंबाचा नियम निघाला.

पैसे गेले असतील तर पहिला फोन बँकेला, मग पोलिसांच्या सायबर विभागाला. दोन्हीकडे काही तासांचा उशीरही महागात पडतो. मेल पुसू नका. नुसता स्क्रीनशॉटही पुरत नाही आणि साधा फॉरवर्ड केला की मूळ हेडर जातं, ज्यात मेल कुठून कुठे गेला ते असतं. 'मूळ मेल डाउनलोड करा' असा पर्याय बहुतेक सेवांमध्ये असतो, ती फाइल जपा. माझ्याकडे तपास अधिकाऱ्यांनी पहिली तीच मागितली. नकली डोमेन कुठल्या कंपनीकडे नोंदवलंय ते हू-इजवर, म्हणजे डोमेनच्या नोंदी दाखवणाऱ्या सेवेवर, शोधता येतं, आणि त्या कंपनीचा गैरवापराच्या तक्रारींसाठी वेगळा पत्ता असतो. तिथे हेडरसकट तक्रार केल्यावर आमच्या प्रकरणातलं ते जास्तीच्या अक्षराचं डोमेन काही दिवसांत बंद झालं.