तार न पोहोचलेल्या घरासाठी इंटरनेट: टॉवर, वायरलेस लिंक की उपग्रह?

घर वस्तीपासून लांब, टेलिफोनची तार कधी आलीच नाही, आणि फायबर येणार असं वर्षानुवर्षं नुसतं कानावर येतंय. अशा ठिकाणी रोजच्या कामाला पुरेल असं इंटरनेट घ्यायचं तर तीन खरे पर्याय उरतात: मोबाइल टॉवरवर चालणारा राउटर, जवळच्या एखाद्या सेवादाराची वायरलेस लिंक आणि उपग्रह. उपग्रहातही दोन जाती आहेत, जवळून फिरणारे आणि लांब उभे असलेले. त्या दोघांत शब्दशः जमीन-अस्मानाचा फरक आहे.

जाहिराती एकाच आकड्यावर भांडतात: किती एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला किती डेटा. निवड करताना मला तो आकडा सगळ्यात कमी कामाचा वाटतो. दोघांच्या साध्या एचडी व्हिडिओ कॉलला दीड-दोन एमबीपीएस पुरतात, नुसत्या आवाजाला 100 केबीपीएसच्या (0.1 एमबीपीएस) आसपास. लाइन बंद कधी पडते, पडली की किती वेळ, आणि ती पुन्हा चालू करणं कोणाच्या हातात असतं, हे आधी विचारा. खालची तुलना त्याच अंगानं केली आहे.

मोबाइल टॉवर

घरात रेंजची जेमतेम एक दांडी दिसते म्हणून हा पर्याय बाद करू नका. पत्र्याचं छप्पर आणि जाड भिंती सिग्नल खातात. तोच सिग्नल छपरावर, खांबाच्या टोकाला बराच बरा असतो. रेडिओलहरींचे 700 ते 900 मेगाहर्ट्झचे पट्टे लांबवर जातात आणि भिंतीतूनही थोडेफार आत येतात. 1800 ते 2600 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत सहसा डेटाचा जास्त गाडा ओढायची ताकद असते, पण अंतर आणि झाडी त्यांना लवकर मारते.

फोनवरच्या दांड्या विसरा आणि राउटरच्या सेटिंगच्या पानावरचे दोन आकडे बघा. आरएसआरपी म्हणजे सिग्नल किती जोरात येतोय, आणि तो आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला: उणे 80 डीबीएम उत्तम, उणे 100 वर काम भागतं, उणे 110 च्या खाली गेलं की लहरी कारभार. एसआयएनआर म्हणजे तो किती स्वच्छ येतोय: 20 च्या पुढे असेल तर मजा, 5 च्या खाली रखडपट्टी. बहुतेक लोक पहिल्याच आकड्यामागे धावतात. दोन-तीन टॉवर सारख्याच जोरात ऐकू येत असतील तर सिग्नल दणदणीत असूनही वेग मिळत नाही. एकाच दिशेला ऐकणाऱ्या अँटेनाचा खरा उपयोग इथे होतो. नको त्या टॉवरकडे ती पाठ फिरवते.

ही अँटेना लावायला दोन माणसं लागतात. एक छपरावर, दुसरा राउटरच्या पानासमोर. वरच्यानं अँटेना दहा अंश फिरवायची, हात काढून बाजूला व्हायचं आणि अर्धा मिनिट थांबायचं. खालच्यानं एसआयएनआर मोठ्यानं वाचायचा. थांबणं महत्त्वाचं, कारण पानावरचा आकडा मागून येतो. घाई केली तर मागच्या दिशेचा आकडा पुढच्या दिशेला चिकटतो. पूर्ण चक्कर मारून झाल्यावर सगळ्यात चांगल्या दोन दिशांवर परत यायचं आणि तिथे दोन-दोन अंशांनी चाचपायचं. डोळ्यांना दिसणारा टॉवर हाच आपला टॉवर, असं धरून चालू नका. कधी कधी लांबच्या, कमी गर्दीच्या टॉवरकडे तोंड केल्यावर जास्त चांगलं चालतं.

केबल हा इथला छुपा चोर. अँटेना खांबावर आणि राउटर खोलीत ठेवून मध्ये दहा मीटर बारीक कोअॅक्स (टीव्हीच्या केबलसारखी केबल) टाकली, तर निम्म्याहून जास्त सिग्नल वाटेतच विरतो. त्यापेक्षा अँटेना पोटात असलेला, बाहेर बसवायचा राउटरच खांबावर चढवा आणि खाली इथरनेटची केबल आणा. ती 100 मीटरपर्यंत काही गमावत नाही आणि त्याच केबलमधून राउटरला वीजही देता येते.

आता दुखणं. टॉवरचा एक पंखा, म्हणजे एका दिशेला तोंड केलेली अँटेना, त्या दिशेच्या सगळ्या घरांचा मिळून असतो. 20 मेगाहर्ट्झच्या 4जी पट्ट्यावर, दोन अँटेनांच्या जोडणीत, कागदावरची कमाल मर्यादा 150 ते 200 एमबीपीएस आहे, आणि तीही सगळ्यांत वाटून. सकाळी सुसाट पळणारी लाइन संध्याकाळी सात ते दहा दरम्यान रांगते ती यामुळे. म्हणून आधी उसन्या सिमवर, त्याच खांबावरून, संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी तपासा. दुपारच्या वेग-चाचणीला काडीची किंमत नाही. दुसरं असं की परिसराची वीज गेली की टॉवर स्वतःच्या बॅटरीवर जातो आणि काही तासांनी तोही मान टाकतो. तेव्हा तुमचा इन्व्हर्टर कितीही मोठा असला तरी उपयोग नाही.

वायरलेस लिंक

छपरावर छोटी डिश, तिचं तोंड काही किलोमीटरवरच्या उंच खांबाकडे, आणि त्या खांबामागे कुठेतरी फायबर. बहुतेक ठिकाणी हे 5 गिगाहर्ट्झच्या विनापरवाना पट्ट्यावर चालतं. विलंब, म्हणजे प्रश्न जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, काही मिलिसेकंदांचाच असतो आणि चांगल्या जोडणीत अपलोडही बरा मिळतो. घरून मोठ्या फाइली पाठवणाऱ्याला हा पर्याय टॉवरपेक्षा सरस पडू शकतो.

अट एकच, पण ती कडक आहे. समोरचा खांब दिसायला हवा, आणि नुसता दिसून भागत नाही. रेडिओलहर दोन टोकांच्या मध्ये फुगते. 5 किलोमीटरच्या लिंकला 5.8 गिगाहर्ट्झवर मधोमध हा फुगवटा रेषेच्या चारी बाजूंनी सुमारे 8 मीटर असतो, आणि त्यातला निदान 60 टक्के भाग मोकळा लागतो. म्हणजे वाटेतल्या झाडाचा शेंडा नजरेच्या रेषेखाली जेमतेम दोन मीटर असेल, तर दुर्बिणीतून खांब स्वच्छ दिसेल आणि लिंक मात्र आचके देत राहील. पानगळीत जोडलेली लिंक पालवी फुटल्यावर बंद पडते, हे या धंद्यातलं जुनं दुखणं. ओली पानं त्याहून वाईट. पावसाचं म्हणाल तर 5 गिगाहर्ट्झला त्याचं फारसं काही वाटत नाही. 60 गिगाहर्ट्झच्या नव्या, वेगवान लिंकना मात्र वाटतं, त्यामुळे त्या जवळच्या अंतरालाच ठीक.

तंत्रापेक्षा इथे माणूस पारखून घ्यावा लागतो. सेवादाराला थेट विचारा: माझ्यापासून फायबरपर्यंत मध्ये किती खांब आहेत? प्रत्येक खांबावर बॅटरी किती तासांची? वादळानंतर वर कोण चढतं? उत्तर देताना तो चाचरला तर समजून जा. आधीच्या ग्राहकांना ‘वेग किती मिळतो’ हे विचारू नका, ‘मागच्या वेळी बंद पडलं तेव्हा कधी सुरू झालं’ हे विचारा.

सेवादारच नसेल तर लोकांनी मिळूनही जाळं उभं करता येतं. स्पेनमधल्या कॅटालोनियात 2004 मध्ये सुरू झालेलं गुइफी डॉट नेट असंच वाढलं. उत्तर इंग्लंडमध्ये 2011 पासून बी फोर आर एन या संस्थेनं गावकऱ्यांच्या श्रमातून, त्यांच्याच शेतांतून फायबर नेलं. उदाहरणं उमेद देणारी आहेत, पण दुरुस्तीची जबाबदारी नावानिशी घेणारा कोणी नसेल तर या वाटेला जाऊ नका. उभारणीच्या दिवशी सगळेच हजर असतात.

उपग्रह: लांबचा आणि जवळचा

जुन्या पद्धतीचा उपग्रह विषुववृत्ताच्या वर 35,786 किलोमीटरवर एका जागी उभा असल्यासारखा दिसतो. प्रकाशाच्या वेगानंही प्रश्न जाऊन उत्तर यायला सुमारे अर्धा सेकंद लागतो. प्रत्यक्षात 600 मिलिसेकंद किंवा जास्तच धरा. एखादं पान उघडताना आधी जोडणीची एक फेरी, मग सुरक्षिततेची एक आणि मग प्रत्यक्ष मागणीची एक, अशा निदान तीन फेऱ्या होतात. पहिलं अक्षर दिसायलाच जवळपास दोन सेकंद गेले. सिनेमा एकदा सुरू झाला की मात्र व्यवस्थित चालतो. बोलण्यासाठी आयटीयूची (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना) शिफारस एका दिशेला 150 मिलिसेकंदांच्या आतल्या विलंबाची आहे. इथे तो दुप्पट, म्हणून दोघंही एकदम बोलतात आणि एकदम थांबतात. ऑफिसच्या व्हीपीएनवर, म्हणजे ऑफिसच्या जाळ्यात शिरायच्या कुलूपबंद वाटेवर, काम असेल तर आणखी पंचाईत. हा विलंब झाकण्यासाठी कंपन्या मध्ये ज्या युक्त्या वापरतात, त्या व्हीपीएनच्या बंद पाकिटावर चालत नाहीत.

जवळचे उपग्रह, म्हणजे स्टारलिंकसारखे, सुमारे 550 किलोमीटरवरून फिरतात. विलंब सहसा 25 ते 60 मिलिसेकंद. कॉल, व्हीपीएन, गेम सगळं चालतं. पण उपग्रह डोक्यावरून झरझर सरकत असतो, त्यामुळे डिश सतत एकाकडून दुसऱ्याकडे उडी मारते आणि तिला आभाळाचा मोठा तुकडा मोकळा लागतो. एका कोपऱ्यात आडवी आलेली फांदी वेग-चाचणीत दिसणारही नाही, पण दर काही मिनिटांनी कॉल दोन-चार सेकंद गोठेल. डिश मागवण्याआधी फोनच्या अॅपमधून आभाळ तपासता येतं. ते कराच, आणि ज्या जागी डिश बसणार नेमकं तिथे उभं राहून करा.

इथे एक उलटी गंमत आहे. लांबच्या उपग्रहाला एकाच दिशेची अरुंद फट पुरते. उत्तर गोलार्धात असाल तर ती दक्षिणेकडची. दाट झाडीतल्या घराला, जिथे आभाळ उघडं नाही आणि झाडं तोडायची नाहीत, तिथे जुना उपग्रह निदान सलग तरी चालतो. मुसळधार पाऊस दोघांनाही छळतो, पण सर ओसरली की लाइन परत येते. आणखी एक: ही सेवा देशोदेशीच्या परवान्यावर चालते. दुसरीकडून आणलेली डिश आपल्याकडे चालेलच असं नाही.

वीज

या तुलनेत वीज नेहमी शेवटी येते, आणि लाइन बंद पडण्याचं पहिलं कारण बहुधा तीच असते. मोबाइल राउटरला 5 ते 12 वॅट लागतात. वायरलेस लिंकचा रेडिओ आणि घरातला वायफाय मिळून साधारण तेवढेच किंवा थोडे जास्त. जवळच्या उपग्रहाच्या नेहमीच्या डिशला 50 ते 100 वॅट, लहान आकाराच्या डिशला 25 ते 40. बारा व्होल्ट, 100 अँपिअर-तासांच्या लेड-अॅसिड बॅटरीतून जपून वापरायचे 600 वॅट-तास धरले, तर 10 वॅटचा राउटर 60 तास निघतो आणि 75 वॅटची डिश 8 तास. रात्रभराचा अंधार नेहमीचा असेल, तर हा फरक मासिक भाड्याच्या फरकापेक्षा मोठा ठरतो.

राउटर बॅटरीवरून थेट डीसीवर चालवा. इन्व्हर्टर नुसता चालू राहायलाच कधी कधी राउटरपेक्षा जास्त वीज खातो. खांबाला अर्थिंग हवंच. वीज कडाडणाऱ्या भागात खांब आणि घर यांच्यामध्ये धातू नसलेल्या फायबरचा छोटा तुकडा टाकला, तर डेटाच्या केबलवाटे येणारा झटका आतल्या उपकरणांपर्यंत पोहोचत नाही.

कॅमेरे किंवा पंप बाहेरून थेट बघायचे असतील तर एवढं ध्यानात ठेवा: मोबाइल आणि स्टारलिंक, दोन्हींवर बहुधा अनेक ग्राहक इंटरनेटवरच्या एकाच पत्त्यामागे (आयपी) असतात, त्यामुळे बाहेरून घरात शिरता येत नाही. मधल्या सर्व्हरमार्फत चालणारं उपकरण घ्या. स्थानिक वायरलेस सेवादाराकडे स्वतंत्र पत्ता मागून बघता येतो.

मग काय घ्यावं?

संध्याकाळच्या चाचणीत टॉवर टिकला, तर बाहेरचा राउटर बसवा आणि पुढचं वाचूही नका. उभारणी स्वस्त, वीज कमी, आणि बिघडलं तर बदलणं आपल्या हातात. टॉवर गर्दीत बुडत असेल पण समोर खांब मोकळा दिसत असेल आणि सेवादार खरंच फोन उचलत असेल, तर लिंक. दोन्ही नाही आणि आभाळ मोकळं आहे, तर जवळचा उपग्रह, आणि त्याच खर्चात बॅटरीही धरा. लांबचा उपग्रह मी फक्त दाट झाडीसाठी किंवा जिथे दुसरं काहीच नाही तिथेच सुचवेन.

कामच इंटरनेटवर अवलंबून असेल, तर दुसरी, बारीक लाइन हवी आणि ती वेगळ्या जातीची हवी. दोन कंपन्यांची दोन सिमं घेऊन निर्धास्त राहू नका. दोघींची यंत्रं अनेकदा एकाच टॉवरवर असतात आणि मागचं फायबरही एकच असतं. उपग्रहाच्या जोडीला कमी डेटाचं सिम, किंवा वायरलेस लिंकच्या जोडीला सिम, ही जोडी खरी. दोन लाइनवर भार वाटून देण्याच्या फंदात पडू नका. मधेच पत्ता बदलला की बँकेची पानं बाहेर काढतात. एक मुख्य आणि दुसरी राखीव, एवढंच ठेवा.

राखीव लाइन लावल्यावर दोन चाचण्या करा. आधी मुख्य राउटरची केबल उपसून बघा. मग केबल तशीच ठेवून फक्त छपरावरचं उपकरण बंद करा. बरेच राउटर पहिल्या चाचणीत पास होतात आणि दुसरीत नापास, कारण केबल जोडलेली आहे एवढ्यावरच ते लाइन चालू समजतात. बाहेरच्या एखाद्या पत्त्यावरून उत्तर येतंय का हे तपासायची सोय सेटिंगमध्ये असेल तर ती चालू करा. नसेल तर राउटर बदला.